बीप वाजला, पण मशीन उठलं नाही

पार्श्वभूमी

मी जुनी गेम मशीन दुरुस्त करतो, आणि हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरातल्या अशाच मशीनचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. आकडे मात्र त्या दोन दिवसांत वहीत टिपले तसेच दिलेत, कारण सगळी गोष्ट अर्ध्या व्होल्टची आहे.

मालक मुंबईत नोकरी करतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी एवढंच त्यांचं गावच्या घरी राहणं. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधून एक मशीन उचललं आणि घराच्या पडवीत आणून उभं केलं. गेम होता 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनी, १९९३ साल. पण आपल्याकडच्या पार्लरमध्ये ते नाव कोणी कधी घेतलंच नाही. चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा प्रत्येकाला हवा असायचा, त्यावरून अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. मालकांनी कॉलेजात असताना रुपया-रुपयाची नाणी घालून तो खेळलेला. त्यांना हवा होता तोच गेम, तसल्याच खोक्यात आणि काचेच्या पिक्चर ट्यूबवर. पुढचे बरेच निर्णय या हट्टामुळे ठरले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मशीन म्हणजे प्लायवूडचा उभा खोका. वर नावाच्या पाटीमागे ट्यूबलाइट, मध्ये २० इंची पिक्चर ट्यूब, दोघांसाठी जॉयस्टिक आणि बटणं. खाली कॉइनच्या दाराआड एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे ५ आणि १२ व्होल्ट करून देणारा सप्लायचा डबा, आणि त्याच्या बाजूला लाकडावर स्क्रूने बसवलेला गेमचा बोर्ड. बोर्ड अस्सल नव्हता, नक्कल होती. आपल्याकडच्या पार्लरमध्ये नकलाच जास्त चालायच्या. नकलेचा एक फायदा असतो. या गेमच्या अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते. ती मेली की बोर्डाला लागणारी माहिती पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड उठायचा बंद होतो. परदेशातले संग्राहक तिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतात. नकलेत ती भानगडच नसते, त्यामुळे संशयितांच्या यादीतलं पहिलं नाव आपोआप कटलं.

बोर्ड आणि खोका यांना जोडणारा हार्नेस 'जामा' पद्धतीचा होता. जपानमधल्या गेम मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९८५च्या सुमारास ही जोडणी ठरवून दिली. बोर्डाच्या कडेला एका बाजूने २८ आणि दुसऱ्या बाजूने २८ अशा ५६ तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यावर एक लांब कनेक्टर बसतो. वीज, चित्र, आवाज, बटणं सगळं त्यातूनच जातं. या ५६ पैकी ४ पट्ट्या ५ व्होल्टसाठी राखलेल्या आणि ८ ग्राउंडसाठी, म्हणजे वीज परत जायच्या वाटेसाठी. ग्राउंडला दुप्पट का दिल्या असतील, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

अडचण

गणपतीला आठवडा उरला असताना फोन आला. "दादा, मशीन चालू होत नाही. वरची लाइट लागते, पंखा फिरतो, पण गेम येत नाही."

व्हिडिओ पाठवायला सांगितलं. पडद्यावर अर्धा सेकंद रंगीत चौकोनांची गोधडी उमटायची, मग काळोख, मग परत गोधडी. आवाज नाही. साधारण सेकंदाला एक फेरी, आणि हे न थांबता चालू.

मालकांनी आपल्या परीने फ्यूज बदलून पाहिला होता, प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला होता. गावातल्या टीव्ही मेकॅनिकने एक नजर टाकून "एलओटी गेली" असं सांगून टाकलं होतं. एलओटी म्हणजे पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर. पण पडद्यावर रंगीत चौकोन स्थिर कडांचे आणि पूर्ण रुंदीभर दिसत असतील तर एलओटी काम करते आहे, ट्यूबला हाय व्होल्टेज मिळतंय आणि ट्यूबही जिवंत आहे. पडदा जे मिळतंय ते इमानाने दाखवतोय, त्याला मिळतंय तेच भलतं. म्हणून मॉनिटरला हात लावायचा नाही हे फोनवरच ठरवलं. याला सुरक्षेचंही कारण होतं. रंगीत ट्यूबच्या टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वरचा मामला असतो आणि बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. गरज नसताना तिथे कोणाला स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठवू नये.

बोलता बोलता मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "गेल्या गणपतीत पण जरा त्रास होता. गेममध्ये मोठा स्फोट झाला की मशीन मधेच बंद होऊन पहिल्यापासून सुरू व्हायचं. मग आम्ही आवाज कमी करून खेळलो, तर नीट चाललं."

मी हे वहीत लिहून घेतलं. आणि पान उलटलं.

फोनवरची तपासणी

माझं दुकान कोल्हापुरात. आंबा घाटाने रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास, त्यात भर पावसाचे दिवस. जाण्याआधी काय न्यायचं ते ठरवणं भाग होतं. मालकांकडे बऱ्यापैकी डिजिटल मीटर होता. व्हिडिओ कॉल लावून मी त्यांना एसएमपीएसच्या पट्टीवर मोजायला लावलं. मशीन चालू, बोर्ड जोडलेला. ५ व्होल्टच्या जागी ५.०२. बाराच्या जागी १२.१. उणे पाचच्या जागी उणे ४.९७.

"सप्लाय ठणठणीत आहे," मी म्हणालो.

मग मशीन बंद करून वायरी तपासायला लावल्या. मीटर बीपवर ठेवायचा, म्हणजे वायर सलग असली की तो वाजतो; एक सळी एसएमपीएसच्या टर्मिनलवर, दुसरी कनेक्टरच्या पायावर. पाच व्होल्ट, बीप. ग्राउंड, बीप. बारा, बीप. एकही वायर तुटलेली नाही.

सप्लाय चांगला, वायरी चांगल्या, मॉनिटर चांगला, म्हणजे उरला बोर्ड. असं मी त्या दिवशी गणित मांडलं. मांडणी बरोबर होती. पहिल्या दोन ओळी चुकीच्या होत्या.

समोर असलेले पर्याय

निघण्यापूर्वी मालकांशी अर्धा तास बोलणं झालं. त्यांच्याकडे सूचनांची कमतरता नव्हती.

पहिली सूचना त्यांच्या मुलाची. बोर्ड आणि ट्यूब काढून टाकायची, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आणि एलसीडी बसवायचा, हजारो गेम येतील. पोराचं चुकलं नव्हतं. नवं मशीन बांधायचं असतं तर मीही तेच सुचवलं असतं. पण मालकांना हजारो गेम नको होते, एकच हवा होता. ट्यूब तर काढायचीच नव्हती.

दुसरी सूचना बाजारात मिळणाऱ्या 'साठ गेम एकात' अशा बोर्डाची. जामाच्या कनेक्टरला सरळ लागतो, किंमत माफक. त्यातले खेळ ऐंशीच्या दशकातले, उभ्या पडद्यासाठी बनवलेले, आणि त्यात मुस्तफा नाही. इथे ट्यूब आडवी. हाही बाद. या पर्यायाकडे मात्र पुढे परत यायचं आहे.

तिसरी, नवा एसएमपीएस घेऊन बघू. मी नको म्हणालो, कारण ५.०२. चौथी, बोर्ड मुंबईला दुरुस्तीला पाठवायचा. गणपतीपूर्वी परत येणार नाही हे दोघांनाही कळत होतं.

पाचवी, मी स्वतः जाऊन बोर्ड बघायचा. ती ठरली. पिशवीत मीटर, सोल्डरिंग आयर्न, ईप्रॉम (गेमच्या चिपा) वाचायचं यंत्र, आयपीए (सफाईचं अल्कोहोल), ब्रश, काही सॉकेट आणि आयसी टाकल्या. हार्नेसचा कनेक्टरही टाकला, पण तो केवळ दुकानात समोर लटकलेला दिसला म्हणून. नशीब म्हणतात ते हेच.

पहिला दिवस

पडवीतली हवा अशी की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. खोका उघडला तेव्हा एसएमपीएसच्या जाळीवर पालीची दोन अंडी, तळाशी उंदराच्या लेंड्या. कुरतडलेली वायर एकही नाही. बोर्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर हिरवट-काळसर झाक होती. ती मी पाहिली, खोडरबराने घासून आयपीएने पुसली, कनेक्टर परत बसवला. फरक शून्य. कनेक्टरच्या आतल्या पात्यांकडे पाहिलं नाही. ती दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते साफ झालं असं आपण धरून चालतो.

मग वळलो ईप्रॉमकडे. यात गेम साठवलेला असतो. चिपच्या डोक्यावर काचेची खिडकी असते, अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की आतलं पुसलं जातं, म्हणून तिच्यावर स्टिकर लावतात. इथे दोन चिपांचे स्टिकर दमट हवेने गळून पडले होते. झालं! मला खुनी सापडला. एकेक चिप सॉकेटमधून उचलायची, यंत्रात वाचायची, दोनदा वाचून जुळते का बघायचं, परत बसवायची. सगळ्या चिपा जुळल्या. बंद खोक्यात अंधारच असतो, खिडकी उघडी असली तरी तिला त्रास काय होणार? डोकं थंड असतं तर हे आधी सुचलं असतं.

या खटाटोपात एका चिपचा पाय तुटला. तीस वर्षं जुना काळवंडलेला पाय, सॉकेटने घट्ट धरलेला, उचलताना मुळाशीच गेला. पायाचा राहिलेला ठिपका ब्लेडने खरवडून रेझिस्टरची तार त्याला सोल्डर करायला पाऊण तास लागला. मालकांची आई दारात उभी राहून बघत होती. "मेला तो डबा," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

चार तास असे गेले. मग चहा पिताना वही चाळली आणि ते स्फोटाचं वाक्य परत समोर आलं. आवाज मोठा झाला की गेम रीसेट होतो, आवाज कमी केला की चालतो. ईप्रॉम बिघडलं असतं तर त्याला आवाजाशी काय देणंघेणं? आवाजाचा संबंध एकाच गोष्टीशी, करंटशी. स्फोटाच्या क्षणी अॅम्प्लिफायर जास्त करंट ओढतो. तो ओढतो बारा व्होल्टमधून, पण परत जातो त्याच ग्राउंडवरून, जे पाच व्होल्टचंही ग्राउंड आहे.

मशीन चालू केलं आणि पहिल्यांदाच व्होल्टेज बोर्डावर मोजलं. मुख्य प्रोसेसर मोटोरोला ६८०००, चौसष्ट पायांची लांबलचक चिप. चौदाव्या पायावर पाच व्होल्ट, सोळाव्यावर ग्राउंड. मधल्या पंधराव्यावर क्लॉक, म्हणजे सळी घसरली तर पंचाईत. म्हणून सळ्यांच्या टोकांना आधी वायरीचं आवरण चढवून जेमतेम दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवला. काळी सळी सोळावर, लाल चौदावर, श्वास रोखून.

४.५५.

या पिढीच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. ४.५५वर त्या मरत नाहीत, त्यांना भ्रम होतो. प्रोसेसर काहीतरी चुकीचं वाचतो, भरकटतो, मग रीसेटचं सर्किट त्याला कान धरून सुरुवातीला आणून उभा करतं. परत वाचतो, परत भरकटतो. अठराव्या पायावर रीसेटची रेघ असते. तिथे मीटर लावला तर काटा सेकंदाला एकदा खाली जाऊन वर येत होता, पडद्यावरच्या गोधडीच्याच तालात. एसएमपीएस ५.०२ देतोय, चिपला ४.५५ पोचतंय. ०.४७ वाटेत कुठेतरी हरवलं होतं.

घाईचा निर्णय

संध्याकाळचे सात वाजले होते. घरात मुलं जमली होती. एसएमपीएसच्या कडेला एक छोटा प्रीसेट असतो, तो फिरवला की पाचाचं व्होल्टेज वरखाली होतं. मी चिपवर मीटर ठेवून मालकांना तो हळूहळू फिरवायला सांगितला. ४.६, ४.७, ४.८. ४.८५ला गोधडी थांबली, पडदा काळा झाला आणि कॅपकॉमचं नाव उमटलं. पोरांनी एकच गिल्ला केला. ४.९५वर थांबलो. एसएमपीएसच्या पट्टीवर तेव्हा ५.४४ होतं.

मला माहीत होतं की हा इलाज नव्हे. पाण्याची लाइन फुटली असताना पंपाचा जोर वाढवण्यासारखं ते होतं. पण गेम चालू होता, पोरं रांगेत होती, आणि मी "उद्या सकाळी वायरिंग बघतो" म्हणून जेवायला बसलो.

चाळीस मिनिटांनी मशीन परत गोधडीवर आलं. खोक्याचं दार उघडलं तर बेकलाइट तापल्यावर येतो तसा वास. जामाच्या कनेक्टरचा एक कोपरा तपकिरी झाला होता आणि त्याला बोट लावता येत नव्हतं. मशीन बंद केलं. त्या रात्री कोणी माझ्याशी विशेष बोललं नाही.

दुसरा दिवस: हरवलेलं अर्धं व्होल्ट

सकाळी प्रीसेट जुन्या खुणेवर आणला आणि मग जे आदल्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत करायला हवं होतं ते केलं.

पद्धत साधी आहे. मीटर डीसी व्होल्टवर, लहान रेंजला. मशीन चालू, म्हणजे वायरींमधून खरा करंट वाहतोय. आता व्होल्टेज पाच आणि ग्राउंड यांच्यात मोजायचं नाही, एकाच वायरीच्या दोन टोकांमध्ये मोजायचं. लाल सळी एसएमपीएसच्या पाच व्होल्टवर, काळी चिपच्या चौदाव्या पायावर. वायर आदर्श असेल तर शून्य. जे येईल तेवढं त्या वाटेने खाल्लं.

पाचाच्या वाटेवर ०.१३ आलं.

मी हार्नेस उपसायला घेणार होतो, पण ०.१३ म्हणजे ०.४७ नव्हे. उरलेलं कुठे गेलं? मग तीच मोजणी ग्राउंडच्या वाटेवर केली. एक सळी एसएमपीएसच्या ग्राउंडवर, दुसरी चिपच्या सोळाव्या पायावर.

०.३४.

बेरीज बरोबर ०.४७. आयुष्यात हिशोब इतका चोख क्वचितच जुळतो. चोरी झाली होती ती परतीच्या वाटेवर. वीज आणणारी वायर आपण दहा वेळा तपासतो. परत नेणारी वायर म्हणजे आपल्या लेखी 'ग्राउंड', म्हणजे शून्य, म्हणजे तिथे काही असूच शकत नाही.

मग एकेक सांधा पकडून पुढे सरकलो. एसएमपीएसपासून वायरीच्या मध्यापर्यंत ०.०२. पुढे पार्लरच्या जमान्यात कोणीतरी जोडलेली प्लास्टिकची कनेक्टर पट्टी होती, दोन स्क्रूंची, घरात पंख्याला वापरतात तसली. तिच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत, जेमतेम दोन सेंटिमीटरमध्ये, ०.२४. तिथून जामाच्या पट्टीपर्यंत ०.०८. कनेक्टर पट्टीचा स्क्रू सोडला तर वायरीचे तांब्याचे धागे हिरवे पडलेले, अर्धे तुटलेले, आणि स्क्रू टेकला होता तो उरलेल्या आठ-दहा धाग्यांवर. त्यातून ग्राउंडच्या आठ पट्ट्यांपैकी वायर पोचली होती फक्त दोनांना. त्या काळच्या मेकॅनिकने वायर वाचवली होती.

मीटरला अॅम्पिअरवर ठेवून पाचाच्या वाटेत घातला तर बोर्ड ३.६ अॅम्पिअर ओढत होता. ०.२४ भागिले ३.६, म्हणजे त्या सांध्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम. आता बीपचं कोडं सुटलं. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी बीप वाजवतात. ०.०७ ओहम आणि ० ओहम त्यांच्या लेखी सारखेच. मीटरच्या सळ्यांच्या वायरींचाच रोध याच्या दुपटी-तिपटीने असतो. बीप एवढंच सांगतो की वायर तुटलेली नाही. साडेतीन अॅम्पिअर अंगावर घेतल्यावर ती काय करेल हे तो सांगू शकत नाही.

आदल्या रात्रीचा वासही समजला. सांध्यात खाल्लेलं व्होल्टेज गुणिले करंट, तेवढी उष्णता. ०.२४ गुणिले ३.६, पाऊण वॉटच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पाऊण वॉट म्हणजे चटका. तापला की सांधा आणखी खराब होतो, रोध वाढतो, आणखी तापतो. कनेक्टरमधल्या कळकट पात्यांचंही तेच झालं होतं. मी प्रीसेट फिरवून ही साखळी थांबवली नाही, चालू ठेवायला मदत केली.

दुरुस्ती

कनेक्टर पट्टी कापून फेकली. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची बारीक धाग्यांची वायर आणली, लाल आणि काळी. एसएमपीएसपासून जामाच्या कनेक्टरपर्यंत मध्ये एकही सांधा न ठेवता पाचासाठी दोन वायरी आणि ग्राउंडसाठी चार. एसएमपीएसकडे प्रत्येकीला थिंबल (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक) दाबून, कनेक्टरकडे सोल्डर करून. नवा कनेक्टर पिशवीत होताच. ५६ पाय बदलायला दुपारचे तीन वाजले, कारण प्रत्येक वायर सोडण्यापूर्वी जुन्या कनेक्टरवर तिचा नंबर कागदी टेपवर लिहून चिकटवला. उलटीसुलटी लागली आणि बारा व्होल्ट बटणाच्या वायरीत गेले तर बोर्ड खरोखरच मुंबईला जायचा.

पार्लरमध्ये कोणीतरी थ्री-पिनचा अर्थिंगचा पाय काढून टाकला होता, तोही परत जोडला. कॉइनचं दार लोखंडी आहे आणि पोरं पडवीत अनवाणी उभी असतात.

चालू करण्यापूर्वी एक गोष्ट आठवली म्हणून बरं. सकाळी प्रीसेट मी अंदाजाने खुणेवर आणला होता. तो चुकून आदल्या रात्रीच्या जागी राहिला असता तर आता वाटेत काही हरवणार नव्हतं, सगळे ५.४४ थेट चिपांच्या अंगावर गेले असते. म्हणून बोर्ड न लावता, मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब पाच व्होल्टवर लोड म्हणून टांगून आधी व्होल्टेज बघितलं, ५.०५वर आणलं, मग बोर्ड जोडला.

निकाल

पहिल्याच झटक्यात उठलं. चिपवर ४.९८. प्रीसेट किंचित वर नेऊन एसएमपीएसवर ५.०८ आणि चिपवर ५.०१ ठेवलं. दोन्ही वाटांचं मिळून नुकसान ०.०७, आधीच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. मग आवाज पूर्ण वाढवला आणि मुलांना म्हटलं, करा काय स्फोट करायचे ते. चिपवर मीटर ठेवून अर्धा तास बसलो. सर्वात मोठ्या धडाक्यालाही आकडा ५.००च्या खाली गेला नाही. गेल्या वर्षीची स्पीकरमधली घरघरही कमी झाली, पूर्ण गेली नाही. ती मी सोडून दिली.

खर्चात सर्वात महाग गोष्ट माझा येण्याजाण्याचा आणि वाया गेलेला दिवस. सामानाचा खर्च त्यापुढे किरकोळ.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवर मालकांना मोजायला लावलं तेव्हा जागा चुकली. एसएमपीएसऐवजी बोर्डाच्या कडेला, कनेक्टरच्या मागच्या पायांवर मोजायला सांगितलं असतं तर चिपपर्यंत न जाताही बराचसा घोळ तिथेच दिसला असता. नवख्या माणसाला ६८०००च्या पायांवर सळी ठेवायला सांगणं मला आजही पटत नाही, पण कनेक्टरवर मोजणं त्यांना सहज जमलं असतं.

स्फोटाचं वाक्य मी लिहून घेतलं आणि विसरलो, याची खंत जास्त आहे. बंद मशीनचं लक्षण सगळ्यांनाच दिसतं. ते पूर्ण बंद पडण्याआधी कसं लंगडत होतं हे फक्त घरच्यांना माहीत असतं. आता मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो: बंद पडण्यापूर्वी काय व्हायचं, आणि तुम्ही त्यावर काय तोड काढली होती? आवाज कमी करून खेळणं ही तोड म्हणजे त्यांनी निदान जवळजवळ करूनच ठेवलं होतं.

'साठ गेम एकात'च्या बोर्डाबद्दल परत येतो म्हणालो होतो. समजा मालक मुस्तफावर अडून बसले नसते आणि तो बोर्ड लावला असता. तो करंट बराच कमी ओढतो. साधारण एक अॅम्पिअर धरला तर त्याच सडक्या सांध्यांतून हरवलं असतं जेमतेम ०.१३, आणि मशीन झटक्यात चाललं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती की जुना बोर्डच गेला होता. तो चांगला बोर्ड भंगारात गेला असता आणि पट्टी तशीच हिरवी होत राहिली असती. भाग बदलल्यावर मशीन चाललं म्हणजे जुना भाग खराब होता, हा आपल्या धंद्यातला सर्वात लाडका समज आहे. मुलाच्या रास्पबेरी पायलाही हेच लागू. पाच व्होल्ट ४.६३च्या आसपास घसरले की तो पडद्यावर विजेचं चिन्ह दाखवतो, तेवढाच त्याचा प्रामाणिकपणा.

ईप्रॉम उचलायचा निर्णय मात्र अजूनही पूर्ण चुकीचा मानत नाही. बोर्ड न उठण्यामागे काळवंडलेले पाय आणि ढिले सॉकेट हे कारण मी इतक्यांदा पाहिलंय की हात आपोआप तिकडे जातो. चूक क्रमाची होती. ज्याने काही तुटू शकत नाही ती मोजणी आधी, ज्याने पाय तुटू शकतो ती उचकाउचकी नंतर.

संध्याकाळी प्रीसेट फिरवायला नको होता, हे तर उघड आहे. तरी पोरं तशीच समोर उभी असतील तर पुढच्या वेळी मी फिरवणार नाही असं छातीठोकपणे सांगवत नाही. फिरवलाच तर चाळीस मिनिटं जेवायला जाणार नाही, कनेक्टरवर बोट ठेवून बसेन.

निघताना कॉइनच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: तारीख, एसएमपीएसवर ५.०८, चिपवर ५.०१, कनेक्टरच्या पायांवर ५.०३. मालकांना तो तिसरा आकडा कसा घ्यायचा ते दाखवलं. शिमग्याला त्यांनी मीटरचा फोटो पाठवला. ५.०१. दोन शतांश कमी. एसएमपीएसचे स्क्रू एकदा आवळून परत मोजायला सांगितलं आहे.